आधी उतार, मग चढ

सायकल घेतल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. शाळेत स्टाफरूममध्ये विचारतात, "सर, केवढ्याला बसली?" आणि मशिदीच्या पायऱ्यांवर विचारतात, "गाडी बिघडली काय?" दोन्ही प्रश्नांमागे समजूत एकच आहे. सायकल ही एक तर पैसेवाल्याची हौस, नाही तर गरिबाची मजबुरी. मधलं काही नसतंच, असं आपण धरून चाललोय.

माझी सायकल या मधल्या जागेतली आहे. रोड बाइक म्हणतात तसली. वाकडं हँडल, बारीक टायर, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, पुढे दोन चकत्या, मागे सात. या प्रकारातली सगळ्यात खालची पायरी. कराडच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाला नोकरी लागली, त्याच्याकडून चौदा हजारांना जुनी घेतली. वजन अकरा किलो.

घेण्याचं कारण हौस नव्हतं. माझे अब्बाही शिक्षक होते. निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी साखरेनं त्यांचा डावा पाय घोट्यापासून काढावा लागला. एक छोटीशी जखम, तीही चप्पल चावल्याची. त्यांना ती दुखलीच नाही, कारण पावलाची जाणीव आधीच गेलेली होती. दोन वर्षांपूर्वी माझा स्वतःचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा. आकडा 8.1. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या, आणि रोज पाऊण तास घाम येईल असं काहीतरी करा. चालून गुडघा धरायला लागला, म्हणून सायकल.

आता पाटणचा भूगोल बघा. आपलं गाव कोयनेच्या खोऱ्यात, केरा आणि कोयनेच्या संगमावर. गुहागर-विजापूर महामार्ग गावातून जातो. पूर्वेला कराड साधारण पस्तीस किलोमीटर, रस्ता बराचसा नदीच्या सोबतीनं. पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर कोयनानगर, त्याच्यापुढे कुंभार्ली घाट, आणि घाट उतरला की पोफळी, अलोरे, चिपळूण. यात एक गंमत आहे. देशावरचा माणूस घाट म्हटलं की चढ डोळ्यांपुढे आणतो. पण आपण पाटणहून कुंभार्लीकडे निघालो की घाटमाथ्यापर्यंत रस्ता मवाळ असतो, आणि मग कोकणाकडे एकदम खाली कोसळतो. म्हणजे आपल्याला घाट भेटतो तो आधी उतार म्हणून. चढ परतताना, दमलेल्या पायांनी. सडावाघापूरच्या पठारावर गेलं तर उलट. आधी चढ, आणि मग थकलेल्या हातांनी उतरत घरी.

म्हणून सायकलीत सुधारणा करायच्या तर क्रम काय, याचं उत्तर मला इंटरनेटवर शोधावं लागलं नाही. ते रस्त्यानंच दिलं. आधी थांबता आलं पाहिजे. मग जमिनीला धरून राहता आलं पाहिजे. मग चढता आलं पाहिजे. वेगाचा नंबर त्यानंतर.

पहिला खर्च ब्रेकचा. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर फळ्यावर जे शिकवतात ते उतारावर अंगावर येतं. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. ताशी वीसच्या वेगाने जिथं पाच मीटरमध्ये थांबलो, तिथं चाळीसच्या वेगाला वीस मीटर लागतात. आणि वळणावर समोरून चिपळूणचा ट्रक येत असेल तर तो आपल्या गणितासाठी थांबत नाही. जुनी ब्रेक रबरं वर्षानुवर्षं पडून दगडासारखी कडक झाली होती. ती काढून नवी मऊ रबरं बसवली, दोन्ही ब्रेकच्या तारा आणि त्यांची आवरणं बदलली. तेराशे रुपये. आधी चार बोटांनी आवळावा लागणारा ब्रेक आता दोन बोटांत लागतो.

कोयनेच्या पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे एक सवय इथल्या सायकलवाल्याला लावून घ्यावीच लागते. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की चाकाचे पहिले एक-दोन फेरे रबर नुसतं पाणी पुसतं, धरत नाही. म्हणून वळणाच्या बरंच आधी हलकेच दाबून रिम कोरडी करून घ्यायची. घरी आल्यावर रबरात रुतलेली वाळू आणि रिमचा चुरा सुईने टोकरून काढायचा. नाही काढला तर तेच कण रिम खात बसतात.

दुसरा खर्च टायरचा. सायकलीला 23 मिलिमीटरचे टायर होते, दगडासारखे फुगवलेले. बारीक आणि कडक टायर म्हणजे वेगवान, अशी जुनी समजूत आहे. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर ती खरी असेलही. आपल्या खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत आपला जोर वाया जातो. मी 28 चे घातले. सांगाड्यात आणि ब्रेकच्या चिमट्यात त्याहून जाड टायर बसत नव्हता, हे आधी मोजून घेतलं. हवा शंभरवरून ऐंशीच्या खाली आणली. ट्यूबसकट सव्वीसशे रुपये. या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो, तो स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या चाचांच्या पंपाला बसत नाही. त्यासाठी पितळेची एक छोटी टोपी मिळते, ती वॉल्व्हवर फिरवली की मोटारसायकलच्या पंपानेही हवा भरता येते. दोन टोप्या घ्या. एक सायकलीवर ठेवा, एक चाचांना द्या.

तिसरा खर्च गिअरचा. माझ्या पुढच्या लहान चकतीला 34 दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 28. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जायची. पंचविशीतल्या पोराला हे पुरतं. पंचेचाळिशीच्या गुडघ्याला चढावर नाही. मी मागचं फ्रीव्हील 14 ते 34 दात्यांचं घातलं. आता एका फेऱ्यात सव्वादोन मीटरही नाही. पायांना फेरे जास्त पडतात, पण प्रत्येक फेऱ्याचा जोर अठरा टक्क्यांनी कमी झाला. रोड बाइकचा मागचा डिरेलर एवढी मोठी चकती पेलत नाही, म्हणून सात गिअरच्या माउंटन बाइकला असतो तसा लांब पायाचा डिरेलर बसवला. एकाच कंपनीच्या या जुन्या सात गिअरवाल्या प्रकारांत दोन्हींची तार सारखीच ओढली जाते, त्यामुळे हँडलवरची खटकी बदलावी लागली नाही. नव्या चेनसकट तेवीसशे रुपये.

चेन कधी बदलायची हे बघायला शिक्षकाकडे हत्यार असतंच. स्टीलची फूटपट्टी. चेनची एक कडी बरोबर अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्यांचे बारा इंच. पट्टीचा शून्य एका पिनीच्या मधोमध धरा. चोविसावी पिन बारा इंचांच्या रेघेपुढे एक सोळांश इंच सरकली असेल तर चेन झिजली. तेव्हाच बदलली तर फ्रीव्हील वाचतं.

उरलेले आठशे रुपये गेले हँडलवरच्या जाड पट्टीवर आणि रुंद, सपाट पायडलवर. बूट पायडलला अडकवून ठेवणारी पद्धत मी घेतली नाही. साखरेच्या माणसानं बूट सैल, मऊ आणि बोटांना जागा देणारा घालावा. सायकलीवरून उतरलो की मोजे काढून मी दोन्ही तळवे आरशात बघतो. अब्बांनी बघितले नव्हते, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एकूण सात हजार. बायकोने हिशेबाची वही बघितली आणि म्हणाली, "अजी, इत्ते पैशे लगाए, अब ये हवा में उडती क्या?" प्रश्न रास्त होता. आपल्यात इसराफ, म्हणजे उधळपट्टी, हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. उधळपट्टी रकमेवरून ठरत नाही, ती रक्कम कुठं गेली यावरून ठरते. एक हिशेब सांगतो. मी 76 किलो, सायकल 11, पाणी-पाने-पंप 3. एकूण 90. महागडे सुटे भाग घालून सायकल एक किलोनं हलकी केली, तर एकूण ओझं जेमतेम एक टक्का कमी होतं. ज्या चढाला तास लागतो तिथं चाळीसेक सेकंद वाचतील. आणि त्या एका किलोला माझ्या सायकलीच्या दुप्पट पैसे लागतील. रात्रीचा भात कमी केल्यावर माझे स्वतःचे चार किलो गेले, ते फुकट.

कपड्यांचंही विचारतात, विशेषतः तरुण पोरं, थोडी लाजत. गादीवाली चड्डी लांबच्या प्रवासात लागतेच, नाही तर जांघा सोलून निघतात. पण ती अंगाला चिकटलेली, गुडघ्याच्या वर. सतर झाकणं आपल्यावर आहे. मी ती आत घालतो, वर पातळ सैल पँट, आणि उजव्या पायाला चिमटा, म्हणजे कापड चेनमध्ये जात नाही. फजरची नमाज पढून तसाच निघतो. डोक्यावरची सुती गोल टोपी हेल्मेटखाली तशीच राहते, घाम डोळ्यांत येऊ देत नाही. रमजानमध्ये मात्र मी घाट करत नाही. गोळी चालू असताना रोजा आणि कष्ट एकत्र आले तर साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांशी बोलून इफ्तारनंतर सपाटीवर अर्धा तास, एवढंच.

आपल्या महाराष्ट्रानं सायकलीवर मोठी माणसं दिली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका आरपार जाणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघानं पूर्ण केली. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्यानं पार केली. त्यांच्याबद्दल वाचताना छाती फुगते. पण माझ्यासारख्याला जवळची वाटते ती ब्रेव्हे, फ्रान्समधून आलेली पद्धत. 200 किलोमीटर, वेळ साडेतेरा तास. पहिला-दुसरा नंबर नाही. वेळेत पोचला तो पास. हेल्मेट आणि दिवे बघतात, सायकलीची किंमत कुणी बघत नाही. इन्शाअल्लाह, या हिवाळ्यात एक करायची आहे.

साखरेचा आकडा आता 6.7 आहे. गोळी चालूच आहे, सायकल म्हणजे औषधाला पर्याय नव्हे.

या सगळ्यातून एक भलतंच काम गळ्यात पडलं, तेही सांगायला हवं. ब्रेक बघायची नजर लागल्यावर शाळेच्या सायकल स्टँडकडे माझं लक्ष जायला लागलं. वाडीवरून उतारानं येणारी मुलं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आठवीच्या सायकली रांगेत लावल्या आणि प्रत्येकीचे ब्रेक दाबून बघितले. अर्ध्याहून जास्त सायकलींचा निदान एक ब्रेक नावालाच होता. एका मुलीच्या सायकलीला पुढचं रबरच नव्हतं, लोखंड थेट रिमवर घासत होतं. ती रोज चप्पल रस्त्याला घासत थांबायची. तिला विचारलं, घरी सांगितलंस का? म्हणाली, "सर, चालते की सायकल."

चालते, हे खरं होतं. ती चालवायची भीती कुणालाच नव्हती. तिची चारही रबरं बदलली, चाळीस रुपयांत. मुलांनाच पाना हातात दिला. तार कुठं ढिली करायची, रबर रिमच्या बरोबर समोर कसं येतं, टायरला का लागता कामा नये, हे दोन शनिवारांत ती शिकली. आता ती मुलगी बाकीच्यांच्या सायकली तपासते, आणि माझ्यापेक्षा कडक तपासते.

पुढच्या शनिवारी सातवीच्या सायकली घ्यायच्या आहेत. कुणाकडे जुने दहा नंबरचे पाने, तारा कापायची पक्कड पडून असेल तर शाळेत आणून द्या.