होडीचा काठ आणि पाणबुड्याचा सरंजाम

नारळी पौर्णिमा उलटली म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. परंतु पावसाळ्यात गढुळलेले पाणी निवळून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे खडक व त्यांवरील प्रवाळ स्पष्ट दिसू लागण्यास दिवाळीचा सुमार उजाडतो, आणि आम्हा पाणबुड्यांचा हंगाम खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होतो. या विषयावर लिहिणारे बहुधा समुद्रतळाच्या वैभवाचे वर्णन करतात, व ते यथार्थच असते. मला मात्र लहान होडीच्या काठाविषयी, त्या वीतभर रुंदीच्या जागेविषयी लिहावयाचे आहे; कारण पाण्यात हलका झालेला भार जेथे एकाएकी पुन्हा जड होतो, ती जागा हीच, आणि पाणबुड्याच्या शिस्तीची खरी पारख मी तेथेच करतो.

१९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी श्वासाच्या मागणीबरहुकूम हवा पुरविणारा रेग्युलेटर सिद्ध केला, तोपर्यंत बहुतेक पाणबुडे वरून नळीवाटे येणाऱ्या हवेवर अवलंबून असत. ते दास्य सुटले, पण त्याच्या मोबदल्यात हवेचा सारा साठा माणसाच्या पाठीवर आला. सर्रास वापरला जाणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटर धारणेचा असतो; तो २०० बार दाबाने भरला म्हणजे त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते, आणि त्या हवेचेच वजन अडीच किलोंच्या वर जाते. हवा भरून फुगवता येणारे जॅकेट, रेग्युलेटर व शिशाचा पट्टा जमेस धरला तर एकेका माणसाचा सरंजाम पंचवीस किलोंच्या आसपास भरतो, आणि असे चार-सहा सरंजाम लाटांवर डुलणाऱ्या, माणसांनी भरलेल्या होडीत ठेवावयाचे असतात.

म्हणून सिलिंडर होडीत क्षणभरही उभा सोडू नये. तो आडवा निजवून, दोरीने जखडून, झडपेला कशाचाही धक्का लागणार नाही अशा बेताने ठेवावा आणि वर ओले गोणपाट टाकावे. भरलेला सिलिंडर उन्हात जितके अंश तापतो, तितक्या अंशांमागे दर अंशी सुमारे दोन-तृतीयांश बार दाब त्यात वाढतो. हवा मात्र तितकीच राहते, आणि पाण्यात शिरताच दाबमापकाचा काटा पुन्हा खाली येतो. किनाऱ्यावर पाहिलेला आकडा डोक्यात ठेवून बुडी मारू नये. उतरण्यापूर्वी झडप पुरती उघडून, काट्यावर नजर ठेवून तीन-चार श्वास घ्यावेत. श्वासागणिक काटा थरथरून खाली झुकत असेल तर झडप अर्धवट उघडी आहे असे समजावे.

मालवणी होडीला एका बाजूस उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा बाहेर बांधलेला ओंडका, असते, आणि परगावच्या पाणबुड्यास तिचे गणित ठाऊक नसते. साध्या होडीवरून दोघे समोरासमोरच्या काठांवर बसून एकाच इशाऱ्यावर पाठमोरे पाण्यात कोलांटतात, म्हणजे तोल राहतो. उलांडीच्या बाजूला तशी सोय नसल्यामुळे सर्वांना एकाच काठावरून उतरावे लागते, आणि दोन जड माणसे त्या काठावर बसली की उलांडी पाण्याबाहेर उचलली जाते. अशा वेळी बाकीच्यांनी कोठे बसावे हे तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, सांगावे आणि सर्वांनी ते निमूटपणे ऐकावे. इंजिन तेव्हा पूर्ण बंद असले पाहिजे; गिअर सोडून ते नुसते धडधडत ठेवणे मला मान्य नाही.

उतरणे त्या मानाने सोपे. कसोटी लागते ती परतताना. हवा खर्चून हलका झालेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर आता तरंगू पाहतो, आणि कमरेचे शिसे मात्र तितकेच जड असते. जॅकेट आधी उतरवणारा माणूस त्यामुळे आपले तरंगणारे साधन हातचे घालवतो आणि शिशाबरोबर स्वतः खाली ओढला जातो. यास्तव क्रम ठरलेला आहे व त्यात सवलत नाही: प्रथम जॅकेट पुरते फुगवावे, मग पट्टा सोडून वर द्यावा, त्यानंतर जॅकेट व सिलिंडर, आणि पायांतील फिन्स सर्वांत शेवटी. पट्टा वर देताना बकलाकडचे टोक खाली ठेवावे, नाहीतर शिशाचे ठोकळे एकामागून एक घरंगळून समुद्रार्पण होतात. फिन्स शेवटपर्यंत राखण्याचे कारण असे की, शिडी नसलेल्या होडीत चढताना काठावर दोन्ही हात रोवून पायांच्या जोरदार फटक्यानेच अंग वर उचलावे लागते. शिवाय पाण्याला ओढ असेल तर फिन्सवाचून पोहणारा माणूस होडीपासून दूर वाहत जातो. ओढीच्या दिवशी होडीमागे तरंगता दोर सोडलेला असावा, आणि पाण्यात सोडलेला प्रत्येक सरंजाम होडीला दोरीने बांधलेला असावा.

पंचवीस किलोंचे हे ओझे पाठीवर घेऊन स्वतःच वर चढण्याची ईर्ष्या तरुणांत फार दिसते. मी तिला सक्त विरोध करतो. बुडीनंतर काही काळ रक्तात नायट्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे असू शकतात. अशा वेळी श्वास कोंडून लावलेला जोर छातीतील दाब वाढवतो, आणि ज्यांच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधील जन्मजात छिद्र पूर्ण बुजलेले नसते, त्यांच्यात ते बुडबुडे फुफ्फुसांची गाळणी चुकवून थेट धमन्यांत शिरण्याची जोखीम असते. ज्याच्या शरीरात असे छिद्र आहे, त्याला त्याचा बहुधा पत्ताही नसतो.

तेव्हा ओझे वर घेण्याची कामगिरी होडीवरच्या खलाशाची. पाणबुड्याजवळ प्रशिक्षणाचा दाखला असतो. हवेची नळी न ओढता सिलिंडर झडपेशी धरून उचलणारा, मास्क पायाखाली येऊ न देणारा, किनाऱ्यावर आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्यात सरंजाम धुताना रेग्युलेटरची कळ दाबू नये हे जाणणारा खलाशी मात्र बहुतेक ठिकाणी पाहून पाहून शिकलेला असतो. माझी तजवीज अशी आहे की, हंगाम सुरू होण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस रिकामे सिलिंडर घेऊन उथळ पाण्यात हीच चढ-उतार तांडेलाच्या हुकमतीखाली, पाणबुडे व खलाशी यांनी मिळून करावी, प्रत्येकाची जागा व प्रत्येक वस्तूचा क्रम तेथेच ठरवावा, आणि त्या दिवसाची मजुरी खलाशांना हंगामातल्या दिवसाइतकीच पुरी द्यावी.