असेम्ब्ली लाइनवरची गाणी

गाणं एकट्या माणसाच्या आतून येतं, या मतावर मी बरीच वर्षं ठाम होतो. कुणाचं प्रेम मोडलं, कुणाचं गाव सुटलं, कुणी रात्रभर तळमळलं आणि पहाटे चाल सुचली. गाण्यामागची गोष्ट म्हणजे अशीच गोष्ट, असं मला वाटायचं. आता ते मत राहिलेलं नाही. ते ज्या गाण्यांनी बदललं, ती माझी सर्वांत आवडती गाणी आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

माझी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात झाली. दिवसभर लाइन, गेज, टार्गेट आणि रिजेक्शन. घरी आल्यावर गाणी लावायची ती या सगळ्यापासून लांब जायला. साठच्या दशकातली अमेरिकन गाणी मला कॉलेजात असताना एका मित्राने टेप करून दिलेल्या कॅसेटवर भेटली. त्यात टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’ होतं, सुप्रीम्स होत्या, फोर टॉप्स होते, मार्विन गे होता. इंग्रजी निम्मंअर्धं कळायचं, पण पहिल्या दोन सुरांतच अंगात काहीतरी हलायचं. ही सगळी मंडळी डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ या एकाच कंपनीची आहेत, हे मला खूप नंतर कळलं. मोटाउन म्हणजे मोटर टाउन, मोटारींचं गाव.

मोटाउनवर एक जुना आक्षेप आहे. ही गाणी साच्यातून काढलेली, कारखान्यात तयार केलेली, असं समीक्षक म्हणत आले. मी तो आक्षेप तावातावाने खोडून काढत असे. इतकं जिवंत गाणं कारखान्यातून येणं शक्यच नाही, हा माझा मुद्दा असे. आज मी तो आक्षेप खोडत नाही. ही गाणी कारखान्याच्या पद्धतीनेच बनली, आणि ती इतकी चांगली असण्याचं एक कारण तेच आहे, असं आता मला वाटतं.

सुरुवात झाली ती बेरी गॉर्डीच्या आयुष्याबद्दल वाचताना. मोटाउन काढणारा हा माणूस आधी मुष्टियोद्धा होता. मग त्याने जॅझच्या रेकॉर्डचं दुकान काढलं, ते बुडालं. मग तो फोर्डच्या लिंकन-मर्क्युरी प्लांटमध्ये लाइनवर कामाला लागला. एका टोकाला नुसता सांगाडा आत यायचा आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडायची. काम करता करता तो मनात गाणी रचायचा. रस्त्यावरचं एखादं पोर एका दाराने आत घ्यावं आणि दुसऱ्या दाराने कलावंत म्हणून बाहेर काढावं, ही कल्पना त्याला तिथेच सुचली. जानेवारी 1959 मध्ये घरच्यांच्या सामायिक बचतीतून त्याने 800 डॉलर कर्जाऊ घेतले आणि कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं 2648 क्रमांकाचं एक साधं घर विकत घेतलं, मागच्या बाजूला स्टुडिओ केला आणि दारावर पाटी लावली ‘हिट्सव्हिल यूएसए’.

हे वाचलं तेव्हा मी थबकलो. ज्या लाइनपासून मी संध्याकाळी पळत होतो, त्याच लाइनवर माझ्या आवडत्या गाण्यांचा आराखडा तयार झाला होता.

मग मी एकेका गाण्याची गोष्ट शोधू लागलो. ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ घ्या. डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावातल्या शाळकरी मुली, म्हणजे पुढच्या मार्व्हलेट्स, गॉर्डीकडे आल्या. स्वतःचं गाणं घेऊन या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांच्यातल्या जॉर्जिया डॉबिन्सने विल्यम गॅरेट या ओळखीच्या संगीतकाराकडून त्याचं एक ब्लूज गाणं मागून घेतलं, नाव तेवढं ठेवलं आणि बाकीचं नव्याने लिहिलं. घरून परवानगी नाही मिळाली, म्हणून जॉर्जियाला गटातून बाहेर पडावं लागलं. मुख्य आवाज ग्लॅडिस हॉर्टनचा लागला. मोटाउनच्या लोकांनी गाण्यावर आणखी हात फिरवला. त्यांतला फ्रेडी गोर्मन हा खरोखरच टपाल वाटणारा पोस्टमन होता. ड्रमवर होता तेव्हा कुणाला फारसा माहीत नसलेला मार्विन गे. डिसेंबर 1961 मध्ये हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मोटाउनचं ते पहिलंच. नंतर बीटल्सनी ते गायलं, कारपेंटर्सनीही गायलं.

या गाण्याचा धनी कोण? माझ्या जुन्या मताप्रमाणे उत्तर एका नावाचं असायला हवं होतं. इथे तर ते हातोहात पुढे सरकत गेलं होतं आणि प्रत्येक हाताने त्यात काही भर घातली होती. ज्या मुलीमुळे ते आकाराला आलं, तिचा आवाज तर त्यात नाहीच.

‘व्हेअर डिड अवर लव्ह गो’ची गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. हॉलंड, डोझिअर आणि हॉलंड या मोटाउनसाठी गाणी रचणाऱ्या त्रिकुटाचं हे गाणं मार्व्हलेट्सनी नाकारलं. मग ते सुप्रीम्सकडे गेलं. तोपर्यंत या तिघींचं एकही गाणं मोठं चाललं नव्हतं आणि कंपनीत त्यांना त्यावरून टोमणेही बसत. त्यांनाही गाणं आवडलं नाही. पण पट्टी मार्व्हलेट्ससाठी ठरवलेली, म्हणजे डायना रॉसच्या नेहमीच्या आवाजापेक्षा खालची. त्यामुळे तिला आवाज खाली आणून गावं लागलं आणि त्यात एक ओढ आली. सुरुवातीला जो ठेका ऐकू येतो तो लाकडी फळ्यांवर पाय आपटल्याचा आहे. 1964 च्या उन्हाळ्यात हे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. कुणाच्याही मनातली आर्त कळ इथे चालीत उतरलेली नव्हती. नकार, नाइलाज, खालची पट्टी आणि लाकडाच्या फळ्या यांतून ते गाणं झालं. तरी ते ऐकताना माझ्या पोटात आजही तुटतं.

कारखाना म्हटल्यावर तपासणी आलीच. मोटाउनमध्ये दर शुक्रवारी क्वालिटी कंट्रोलची बैठक भरायची. त्या आठवड्याची गाणी वाजवायची, मतं घ्यायची, ज्याला मतं नाहीत ते बाहेर. खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच, असा गॉर्डीचा प्रश्न असायचा. गाणं बहुतेकांच्या कानावर गाडीतल्या रेडिओवरून पडणार, म्हणून ते छोट्या स्पीकरवरही वाजवून बघत. क्यूसीच्या टेबलाशी उभं राहून मीही पुष्कळ जॉब परत पाठवले आहेत. ही शिस्त काय असते आणि ती माणसाकडून काय काढून घेते, हे मला ठाऊक आहे. पण ती त्याला काय देऊन जाते हे मी या गाण्यांमुळे शिकलो. तुमचं काम दुसऱ्या जाणत्या कानासमोर उभं राहणार आहे, ही जाणीव आळस झटकून टाकते.

तपासणी चुकतेही. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ मार्विन गेच्या आवाजात 1967 मध्ये तयार होतं, पण बैठकीत ते पास झालं नाही. संगीतकार नॉर्मन व्हिटफील्डने तेच गाणं ग्लॅडिस नाइटला दिलं आणि ते गाजलं. मार्विनचं गाणं पुढे एका अल्बममध्ये घातलं गेलं. रेडिओवाल्यांनी ते तिथून उचललं, तेव्हा कुठे 1968 मध्ये ते स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघालं आणि सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

इथपर्यंत येईतो माझं मत निम्मं बदललं होतं. उरलेलं निम्मं बदललं ते वादकांमुळे.

त्या छोट्या स्टुडिओत, जवळजवळ प्रत्येक गाण्यामागे, तेच वादक होते. स्वतःला ते फंक ब्रदर्स म्हणवत. रात्री क्लबांमध्ये जॅझ वाजवणारी ही कसलेली माणसं दिवसा येऊन, सत्राच्या मानधनावर, पॉप गाण्यांना प्राण देत. पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, ड्रमवर बेनी बेंजामिन, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस, जो मेसिना. बेस गिटारवर जेम्स जेमर्सन, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवणारा. कॉलेजच्या दिवसांत मला जे अंगात हलल्यासारखं वाटायचं, ते पुष्कळदा जेमर्सनच्या त्या एका बोटाचं काम होतं. मी मात्र त्याचं श्रेय गायकाच्या दुःखाला देत होतो.

आणि ही नावं रेकॉर्डवर नसत. 1971 मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर पहिल्यांदा त्यांची नावं छापली गेली. त्यातल्या त्याच नावाच्या गाण्याची गोष्ट तर माझ्या दोन्ही मतांना एकाच वेळी कवेत घेते. फोर टॉप्समधल्या ओबी बेन्सनने 1969 मध्ये बर्कलीत पोलिसांना तरुणांवर तुटून पडताना पाहिलं. त्याच्या मनात प्रश्न उठला आणि गाणं सुरू झालं. अल क्लीव्हलंडने त्यात साथ दिली. फोर टॉप्सना हे निषेधाचं गाणं नको होतं. मार्विनचा भाऊ व्हिएतनामहून परतला होता, त्याने पाहिलेलं मार्विनच्या मनात घर करून होतं. मार्विनने गाणं आपलंसं केलं. सुरुवातीचा सॅक्सोफोन एली फाँटेनने हात मोकळा करायला सहज वाजवला होता, मार्विनने तोच ठेवला. एका इंजिनियरने मार्विनचे दोन वेगळे टेक चुकून एकत्र वाजवले आणि त्यातून दुहेरी आवाजाची ती खास रीत सापडली. जेमर्सनला रात्री क्लबमधून शोधून आणलं. त्याला धड बसवेना, म्हणून त्याने जमिनीवर पडून बेस वाजवला, असं सांगतात. गॉर्डीला गाणं पसंत नव्हतं. तरी कंपनीतल्या लोकांनी ते जानेवारी 1971 मध्ये बाहेर काढलं. म्हणजे एका माणसाची खरी कळ इथे आहे, कारखान्याचा विरोधही आहे, आणि कारखान्यातल्या हातांशिवाय ते गाणं उभंही राहिलं नसतं.

पुढच्याच वर्षी कंपनी डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला गेली. वादकांना ते कळलं स्टुडिओच्या दारावरच्या सूचनेवरून. आमच्या पट्ट्यातही गेटवर नोटीस लागलेली मी पाहिली आहे. त्या कागदापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा मला कल्पनेने रंगवावा लागत नाही. जेमर्सन 1983 मध्ये वारला, वय अवघं सत्तेचाळीस. ‘स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन’ या 2002 च्या माहितीपटात रॉबर्ट व्हाइटचा एक प्रसंग सांगितला आहे. तो लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलात बसला होता. ‘माय गर्ल’ लागलं. सुरुवातीची ती चढत जाणारी गिटार त्याचीच. वेटरला तो सांगायला गेला आणि गप्प बसला. हा म्हातारा काहीतरीच बोलतोय असं त्याला वाटेल, म्हणून.

हे आपल्याला परकं नाही. हिंदी चित्रपटगीतांना ज्यांनी वाद्यवृंदाचा साज चढवला, ते अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसूझा गोव्याचे. त्यांच्यासारख्या कितीतरी गोवेकर वादकांची नावं पडद्यावर आली नाहीत. गोन्साल्विस हे नाव देशभर झालं ते 1977 मध्ये, शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून त्यांना मानवंदना दिली तेव्हा. मराठीतही प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनशिवाय कितीतरी गाणी अपुरी राहिली असती.

म्हणून आज माझं म्हणणं असं आहे. गाण्यामागची गोष्ट म्हणजे गायकाच्या आयुष्यातलं प्रेमप्रकरण नव्हे. ती कामाची गोष्ट आहे, एका खोलीत एकमेकांचं ऐकत राबलेल्या माणसांची. लाइनवर काम केल्याने कला मरत नाही. लाइनवरच्या माणसाचं नाव पुसल्याने मात्र अन्याय होतो, आणि गाणं कितीही गोड असलं तरी तो अन्याय भरून निघत नाही.

तुमच्या आवडीचं जुनं गाणं कोणत्याही भाषेतलं असो. ते कुणी गायलं हे तुम्हाला माहीत असेलच. ते कुणी वाजवलं तेही शोधा. ते नाव सापडलं की घरातल्या पोरांना, मित्रांना, गाणं ऐकवताना गायकाच्या नावाबरोबर तेही मोठ्याने सांगा.