केर, केरसुणी आणि सव्वादहाचा कॉल

फेब्रुवारीत लेकीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती असते, त्यामुळे कोण व्हायचं हा प्रश्न आमच्याकडे फार चर्चा न होता सुटला. जुन्या गोधडीचा अंगरखा झाला, दाढीला कापूस, डोक्यावर गाडग्याच्या जागी तपकिरी रंग दिलेला प्लॅस्टिकचा वाडगा आणि हातात खराटा. पाच वाक्यं पाठ करून घेतली. बाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायला घ्यायचे आणि मग रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचे, वगैरे. बाईसाहेबांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. दहाच्या आत आम्ही घरी.

दारातून आत आल्याबरोबर तिने दाढी ओढून काढली. हॉलभर कापूस. मी म्हटलं, "अगं, उचल तो कापूस."

"राहू दे ना आई, मावशी येतीलच आत्ता. केर काढतातच त्या."

हातात खराटा तसाच होता!

मला आधी हसू आलं, मग राग आला. आणि राग तिचा नव्हे, हे कळायला आणखी थोडा वेळ लागला. सात वर्षांची मुलगी जे घरात बघते तेच बोलणार. केर आपोआप होतो, आणि तो काढायला कुणीतरी सव्वादहाला येतं, हे आमच्याच घरातलं ज्ञान.

तर जरा मागे जाते.

मावशी आमच्याकडे २०१२ पासून येतात. केर-फरशी आणि भांडी. तेव्हा मी साडेआठला घर सोडायचे आणि संध्याकाळी सातला यायचे. किल्ली शेजारच्या काकूंकडे. सकाळी जाताना घराची जी काय अवस्था असेल ती असेल, संध्याकाळी आलं की फरशी लखलखीत, ओटा कोरडा, भांडी पालथी. जवळजवळ आठ वर्षं मी त्यांना पगार देत होते, पण त्यांना काम करताना मी पाहिलंच नव्हतं. रविवारी त्यांना सुट्टी, आणि सणावारी असले तरी मी स्वयंपाकघरात. त्यांचं काम म्हणजे माझ्या दृष्टीने संध्याकाळी दिसणारा निकाल.

मग मार्च २०२० आला. २५ तारखेपासून लॉकडाउन, सोसायटीचं फाटक बंद. लेक तेव्हा दीड वर्षाची होती. सापडेल ते तोंडात घालायचं वय. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला नवऱ्याचा, आणि खाली फरशीवर ही.

पहिल्या आठवड्यात उत्साह काय वर्णावा. मी फ्रिजवर तक्ता लावला. सोमवारी पंखे, मंगळवारी खिडक्या, बुधवारी न्हाणीघर. तिसऱ्या आठवड्यात त्या तक्त्यावर हळदीचे डाग पडले होते आणि बुधवार कधीचा उलटून गेला होता. घर स्वच्छ ठेवण्यातली खरी गोम मला तेव्हा कळली. हे काम 'झालं' असं कधी होतच नाही. ऑफिसातलं काम निदान बंद तरी करता येतं. केर काढून सुपली रिकामी करून येईपर्यंत मागे पोह्याचे दाणे हजर.

त्याच एप्रिलमध्ये मी एक मोठा मूर्खपणा केला. संडासाची फरशी पिवळी दिसत होती म्हणून टॉयलेटचं अ‍ॅसिड ओतलं, आणि समाधान होईना म्हणून त्यावर ब्लीचचं द्रावण. दार लोटलेलं, कारण लेक आत येईल. अर्ध्या मिनिटात डोळे झोंबायला लागले, घसा आवळल्यासारखा झाला आणि खोकत खोकत बाहेर पडले. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. शाळेत रसायनशास्त्रात मला चांगले मार्क होते बरं का. खिडक्या उघडल्या, लेकीला घेऊन गॅलरीत बसलो, तासाभराने श्वास नीट झाला. दोन्ही बाटल्या कित्येक वर्षं आमच्याकडे एकाच फळीवर होत्या. पुढे मावशी परत आल्यावर मी मोठ्या काळजीने त्यांना हे सांगायला गेले, तर म्हणाल्या, "ते होय ताई, ते दोन्ही कधी एका दिवशी घ्यायचंच नाही. डोळे जातात." त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे कधीतरी, कुणाच्या तरी बंद न्हाणीघरात त्या स्वतःच शिकल्या असणार. आमच्याच नसेल कशावरून?

आता जे लिहायचं बरेच दिवस टाळतेय ते लिहिते.

एप्रिल आणि मेचा पगार आम्ही मावशींना पूर्ण दिला. जूनमध्ये अर्धा दिला. नवऱ्याच्या पगारात कपात झाली होती हे खरं. पण त्याच महिन्यात आम्ही भांडी घासायचं मशीन घेतलं, हेही तितकंच खरं. फोनवर त्यांना सांगितलं तेव्हा त्या "चालेल ताई" एवढंच म्हणाल्या. पावसाळा संपता संपता त्या परत आल्या, मास्क लावून. स्वयंपाकघरात गेल्या, मशीनकडे जरा बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आता भांड्याचं काम नाही ना?"

मी घाईघाईने म्हटलं, छे छे, कढया, कुकर, तवे आहेत की, आणि पगार तोच राहील. तो राहिलाही. जूनचे राहिलेले अर्धे पैसे मी दिवाळीत बोनसमध्ये घालून दिले. बोनस म्हणून. 'हे तुमचेच आहेत, माझ्याकडे राहिले होते' असं म्हणायचं धाडस झालं नाही. आजवर झालेलं नाही.

असो.

माझं ऑफिस त्यानंतर घरातच राहिलं. आणि मग रोजचा एक विचित्र प्रसंग सुरू झाला. सकाळी सव्वादहाला आमच्या टीमचा कॉल असतो आणि सव्वादहालाच मावशी येतात. मी कानाला हेडफोन लावून इंग्रजीत 'उद्यापर्यंत पाठवते' वगैरे सांगत असते आणि टेबलाखालून केरसुणी येते. "ताई, पाय." मी पाय वर घेते. कॅमेऱ्यात माझा चेहरा गंभीर, खाली दोन्ही पाय हवेत, आणि त्यांच्या खालून माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असलेली बाई वाकून केर काढतेय. पहिले काही दिवस मी लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत पळायचे. आवाज येतो म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. आवाजाचं निमित्त होतं. बघवत नव्हतं, हे खरं कारण.

पण बघायला लागले आणि कळायला लागलं. त्या आल्या की आधी पंखा बंद करतात. दाराच्या मागचा केर पहिल्यांदा ओढतात, कारण तो सगळ्यात जास्त विसरला जातो. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे येतात, कधीही उलट नाही. फरशीचं पाणी दोनदा बदलतात. आणि उठताना उजवा हात भिंतीला टेकवतात. आमच्या पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक पुसट काळपट पट्टा आहे. कित्येक वर्षं मी तो लेकीच्या हाताचा समजत होते. लेक जन्माला यायच्या आधीपासून तो तिथे आहे.

मी दांड्याचं पोछा आणलं. दोन दिवस वापरून मावशींनी ते मोरीत उभं केलं. "कोपऱ्यात जात नाही ते." मग आमचा तह झाला. मधली फरशी दांड्याने, कोपरे फक्त हाताने, आणि मुलीची खोली एक दिवसाआड. हा तह करायला आम्हाला नऊ वर्षं लागली, कारण त्याआधी आमचं बोलणं म्हणजे 'उद्या येणार ना?' एवढंच. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. म्हणजे मावशी आमच्याकडे यायच्या आधी चार वर्षं. मला तो आहे हे २०२० नंतर कळलं. रोजचा पेपर वाचणारी मी!

मागे आकडे बघत होते. केंद्र सरकारचं वेळेच्या वापराचं सर्वेक्षण आहे. २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. हे आपापल्या घरचं, बिनपगारी काम. २०२४ साली तेच आकडे २८९ आणि ८८. म्हणजे दोघांमधलं अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. मध्ये अख्खं लॉकडाउन होऊन गेलं, सगळे पुरुष घरात होते, सगळ्यांनी केक केले... आणि एक मिनिट! नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मी सरासरीच्या वर आहे." आहे, पण परीक्षाच सोपी काढलीय त्याची :)

तर त्या कापसाच्या दिवसानंतर घरात बैठक झाली. मोठा तक्ता लावायचा नाही हे पहिलं ठरलं, अनुभव वाईट. त्याऐवजी तीनच नियम. ज्याने सांडलं त्याने पुसायचं. मावशी येण्याच्या आधी फरशीवर आपली एकही वस्तू नको, कारण केर काढणं हे त्यांचं काम आहे, आपला पसारा उचलणं नाही. आणि न्हाणीघर, संडास, कचऱ्याचे डबे हे आपलं आपण. यातला शेवटचा नवऱ्याकडे गेला. ओला-सुका वेगळा, आणि डायपर-पॅडची पुडी बांधून त्यावर लाल ठिपका, हे सगळं तो आता इतक्या निगुतीने करतो की शेजाऱ्यांचे डबे उघडून त्यांना नावं ठेवतो.

लेकीकडे तिचं टेबल, पेन्सिलचा भुगा आणि स्वतःचं ताट. महिन्यातून एका रविवारी पंखे मी पुसते. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि ओढत आणायचा. सगळी धूळ अभ्र्यात, गादीवर काही पडत नाही. लेकीला धुळीच्या शिंका येतात, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की कोरडं झटकू नका, ओलसर फडक्याने टिपून घ्या. झटकलेली धूळ जात नाही, नुसती जागा बदलते. हे वाक्य मला फार पटलं. आमच्या घरातल्या कामांचंही इतकी वर्षं तेच होत होतं. माझ्यावरून झटकलेलं काम मावशींवर जाऊन बसत होतं.

हे सगळं सुरळीत चालू आहे असं समजू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी मी कॉलवर असताना लेक दारात उभी राहून खुणेने विचारते, "सांडलंय, पुसू?" आणि मी खुणेने सांगते, "राहू दे, मी बघते." कारण तिने पुसलं की दुप्पट पसरतं. तिने न पुसणं मला सोयीचं असतं. मग आठवतं, आणि मी म्यूट करून सांगते, "पूस."

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा तिला हे काही आवडलं नाही. एवढ्याशा पोरीला कशाला, म्हणाली. आमच्या आईचे केरसुणीचे नियम कडक. उभी ठेवायची नाही, पाय लावायचा नाही, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. मी म्हटलं, "आई, जिला आपण लक्ष्मी म्हणतो, ती नातीने हातात धरली तर काय बिघडलं?" आई काही बोलली नाही. पण जायच्या दिवशी मावशींना हळदकुंकू लावून ओटी भरली तिने. पूर्वी कधी भरल्याचं मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात मावशी भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या, चार दिवस. त्या चार दिवसांत लेकीने दोनदा हॉलचा केर काढला. पंखा चालू ठेवून :) मावशी परत आल्या त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ही दारातच सांगायला धावली, "मावशी, मी केर काढला!"

मावशींनी पिशवी ठेवली, पंखा बंद केला, दार पुढे ओढलं आणि मागे बघितलं.

"हा कोण काढणार?"

लेक हिरमुसली. मग गेली, केरसुणी घेऊन आली, आणि मावशी शेजारी उभं राहून सांगत होत्या, "अशी नाही, आडवी धर. कोपऱ्यातून ओढ." माझा कॉल चालू होता. कोणीतरी मला काहीतरी विचारलं, ते मला ऐकूच आलं नाही.

जूनचं मात्र मावशींशी बोलायचं अजून राहिलंय. कोपऱ्यातला केर आहे तो. या दिवाळीच्या आत काढायचा, असं इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते, म्हणजे मग टाळता येणार नाही.