फ्रिजची ‘टिक’ आणि सासूबाईंचे इन्सुलिन

घरातला जुना फ्रिज थंड करेनासा व्हावा, मागच्या बाजूने ‘घूंऽऽ’ असा आवाज निघून पाच-दहा सेकंदांत ‘टिक’ व्हावे आणि सारे शांत पडावे, पुन्हा दोन-चार मिनिटांनी तेच चालू व्हावे, असा प्रकार तुमच्याकडे कधी घडला आहे का? घडला असेल, किंवा उद्या घडला, तर हा मजकूर उपयोगी पडेल. दारात आलेला माणूस मीटर न लावताच ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाला, तर त्याला लगेच होकार देऊ नका, एवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

आमचे घर शहादा तालुक्यात. थोडी पपई, थोडा कापूस, दोन म्हशी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, त्याच वर्षी आमच्याकडे एकदारी फ्रिज आला. तेव्हा तो बर्फाच्या आणि दुधाच्या हौसेचा होता. आता त्याच्या दारातल्या कप्प्यात सासूबाईंच्या इन्सुलिनच्या बाटल्या असतात. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा टोचावे लागते. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि उघडलेली बाटलीसुद्धा फार तर २५ ते ३० अंशांपर्यंत, साधारण चार आठवडे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या पुढे असतो. उष्णतेने इन्सुलिन उतरले तरी बाटलीकडे पाहून ते नेहमी कळतेच असे नाही. कळते ते रक्तातली साखर चढल्यावर.

२०२४ च्या मे महिन्यात हा फ्रिज टिकटिक करू लागला. पहिला मेकॅनिक आला, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘‘कॉम्प्रेसर जाम आहे. सहा-सात हजार लागतील, नाहीतर नवीनच घ्या.’’ त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्याजवळ मीटरच नव्हते, आणि नवा कॉम्प्रेसर बसवण्यात त्याची मजुरीही जास्त. पण फ्रिजच्या पाटीवर गॅसचे नाव आर-१२ होते. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार हा गॅस जगभर बंद होत गेला आणि भारतातले त्याचे उत्पादन २००८ साली थांबले. म्हणजे कॉम्प्रेसर काढला की सीलबंद गॅस गेला, आणि पुढे सगळेच बदलत बसायचे. धडधाकट कॉम्प्रेसर असा उगाच उघडणे मला पटेना.

आधी औषधाची सोय केली. न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या फ्रिजमध्ये पाठवल्या, बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा असे बजावून. कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. चालू बाटली मात्र हाताशी हवी. मोठ्या माठात वाळू घातली, मध्ये लहान मडके बसवले, वाळू पाण्याने भिजवली, वर ओले फडके टाकले आणि ओसरीच्या वाऱ्याला सावलीत ठेवले. बाटली कोरड्या झाकणाच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात. थर्मामीटर टाकून पाहिला तर दुपारी तीनला २७ अंश. हे कोरड्या उन्हाळ्यातच साधते. पावसाळ्यात हवाच ओली, पाणी उडत नाही आणि मडके थंड होत नाही, म्हणून आषाढात या युक्तीवर विसंबू नका.

दुसऱ्या दिवशी धाकटे दीर आले. त्यांचे मोटार रिवायंडिंगचे छोटे दुकान आहे. आवाज ऐकून म्हणाले, ‘‘वहिनी, विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीचा कॅपॅसिटर गेला की ती कशी गुरगुरते? ही तीच तऱ्हा दिसते.’’

त्यांनी समजावले ते असे. फ्रिजच्या मागे खाली जो काळा घुमट दिसतो, त्याच्या पोटात मोटार असते आणि तिला तारांची दोन वेटोळी असतात. एक सतत चालणारे, दुसरे फक्त सुरुवातीला ढकलण्यासाठी. रुतलेली गाडी बैल ओढतात, पण पहिला धक्का चार माणसांना द्यावा लागतो ना, तसे. हे दुसरे वेटोळे क्षणभर जोडायचे आणि मोटार फिरताच सोडायचे, हे काम बाजूला बसवलेल्या काडेपेटीएवढ्या तुकड्याचे. त्याला रिले म्हणतात. रिलेने जोडलेच नाही तर मोटार जागच्या जागी कण्हते, नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तापते. मग शेजारचा ओव्हरलोड नावाचा दुसरा तुकडा वीज तोडतो. ती ‘टिक’ त्याची. तो निवला की पुन्हा जोडतो. म्हणजे ती टिकटिक मोटार वाचवणाऱ्या रखवालदाराची असते, पण त्याच्या जिवावर आठ दिवस तशीच चालू ठेवली तर वेटोळे खरोखर जळते.

भावजींनी पहिल्यांदा बोर्डावर मीटर लावले, आणि हे मला फार आवडले. भरदुपारी १७० व्होल्ट. संध्याकाळी १९०. खरे तर २३० हवेत, सहा टक्के इकडेतिकडे. एका रोहित्रावर साऱ्या शिवाराच्या मोटारी चालू असल्या की आमच्याकडे पंखा मोजता येईल असा फिरतो. इतक्या कमी दाबाला चांगला फ्रिजही उठत नाही. म्हणून रात्री अकरानंतर, मीटर २२० दाखवू लागल्यावर, त्यांनी पुन्हा चालू करून पाहिला. तरी घूंऽऽ आणि टिक. तेव्हा दोष फ्रिजमध्येच, हे नक्की झाले.

मग प्लग काढून (नुसते बटण बंद करून नव्हे) त्यांनी बाजूचे झाकण उघडले आणि रिले सरळ बाहेर ओढला. तो वाकडातिकडा पिळायचा नाही, कारण आतले तीन खिळे काचेत बसवलेले असतात. तडा गेला की गॅस गेला. त्या तीन खिळ्यांत मीटरने मोजले. एका जोडीत १४ ओहम, दुसरीत २१ आणि तिसरीत ३५. पहिल्या दोहोंची बेरीज तिसरी, म्हणजे दोन्ही वेटोळी शाबूत. खिळा आणि लोखंडी घुमट यांच्यात मीटर काहीच दाखवीना, म्हणजे करंट अंगात उतरलेला नाही. जो कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितला होता, त्याच्या तारा तरी ठीक होत्या.

रिले कानाशी हलवला तर आत खुळखुळ वाजले. आत रुपयाच्या नाण्यासारखी एक चकती असते. थंड असताना ती वीज जाऊ देते, अर्ध्या-एका सेकंदात तापून अडवते आणि फ्रिज चालू असेपर्यंत तापलेलीच राहते. आमच्या चकतीचे तुकडे झाले होते. (फार जुन्या फ्रिजमध्ये चकतीऐवजी तारेचे वेटोळे असलेला रिले असतो, तो उभाच बसवावा लागतो, उलटा बसला तर संपर्क चिकटून राहतो.)

जुना रिले आणि कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा नंबर घेऊन ते नंदुरबारला गेले. पहिल्या दुकानदाराने ‘सगळ्याला चालतो’ म्हणून दिलेला घेतला नाही. रिले आणि ओव्हरलोड त्या कॉम्प्रेसरच्याच मापाचे हवेत. ओव्हरलोड मोठ्या मापाचा बसला तर रखवालदार वेळेवर उठतच नाही. दोन्ही मिळून चारशेच्या आत आले. बसवले, झाकण लावले, प्लग घातला. एक हलका धक्का आणि मग तो ओळखीचा मंद आवाज. करंट क्षणभर उसळून एका अँपिअरच्या खाली स्थिरावला. तासाभरात वरच्या कप्प्यावर पांढरी साय धरली.

एक गोष्ट जाणूनच सांगते. तुमच्या फ्रिजच्या पाटीवर आर-६००ए असे लिहिले असेल तर आतला गॅस पेट घेणारा असतो. तिथे घरच्या घरी उघडझाक नको, जाणकारालाच बोलवा. आणि रिले काढून तारा जोडून कॉम्प्रेसर ‘ढकलून’ चालू करणारे काही जण असतात, त्यांना तर अंगणातच थांबवा.

नंतर स्टॅबिलायझर घेतला, तोही वीज आल्यावर तीन-चार मिनिटे थांबून जोडणारा. वीज गेली आणि लगेच आली की चकती अजून गरम असते, आत गॅसचा दाबही उतरलेला नसतो, आणि मोटार पुन्हा कण्हते. पूर्वी मी वीज गेली की धावत जाऊन प्लग काढीत असे. आता सासूबाईच खाटेवरून हिरव्या दिव्याकडे बघून सांगतात, ‘‘थांब, अजून लागला नाही.’’ कॉम्प्रेसरचा नंबर मी खडूने फ्रिजच्या पाठीवर लिहिला होता, तो पुसला जाईल म्हणून भावजींनी त्यावर ऑइलपेंट फिरवला आहे.