अवघड जागेचे दुखणे

परभणी जिल्ह्यात वैशाख तापू लागला, की दुधनाकाठची काळी जमीन भेगाळते, पारा ४४ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि अंगावरचे वस्त्र घामाने दिवसभर ओलसर राहते, अशा दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात ताप-जुलाबाच्या गर्दीतच एखादा प्रौढ शेतकरी असा येतो, जो कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन उंबरठ्यापर्यंत जातो, तेथून परत फिरतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, “साहेब, परसाकडच्या जागी खाज सुटते, रातच्याला डोळा लागू देत नाही.” अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, ही म्हण आपण हसत वापरतो; परंतु निद्रानाशाने गांजलेल्या त्या माणसाची विवंचना हसण्यावारी नेण्याजोगी खचित नाही.

आपल्या प्राचीन वैद्यकाला हा संकोच नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना गुदमुखाशी उठणाऱ्या कंडूचा निःसंकोच उल्लेख आहे. इतक्या जुन्या काळापासून ज्ञात असलेल्या व्याधीची आज घरात वाच्यताही होऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

लेकरू रात्री कूस बदलत रडू लागले, की माय म्हणते, गोड खाल्ले म्हणून जंत झाले. जंत असू शकतात. दोष मात्र गुळाचा नव्हे. सुतकृमी या जंताची सुतासारखी पांढरी, सुमारे सेंटिमीटरभर लांबीची मादी मूल निजल्यावर गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. निजल्यापासून दोन-तीन तासांनी बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर ती वळवळताना दिसतेही. मूल खाजवते, अंडी नखांत शिरतात, तीच बोटे तोंडात जातात, आणि वाकळीवर, चादरीवर पडलेली अंडी दोन-तीन आठवडे टिकून घरातील इतरांच्याही पोटात पोहोचतात. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत व शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी अवश्य घ्यावी; परंतु हे औषध अंड्यांना मारीत नसल्याने, सुतकृमी आढळल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने साऱ्या कुटुंबाने एकाच दिवशी गोळी घ्यावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यावी. दुसऱ्या गोळीची हयगय झाली, की सारा खटाटोप व्यर्थ! नखे कापावीत, सकाळी उठताच मुलाला आंघोळ घालावी, अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुवावीत आणि अंथरूण उन्हात टाकावे. ऊन तर या जिल्ह्यात मुबलक आहे.

प्रौढांची गोष्ट बहुधा निराळी असते. कापूस वेचताना तासन्‌तास टिकणारा घाम, वेळेवर न होणारे शौच, पातळ झाड्यानंतर उरलेली ओल, मूळव्याधीचा कोंब किंवा गुदद्वाराची चीर, मधुमेहींना जडणारा बुरशीचा संसर्ग, अशी कारणे असतात. कित्येकदा तर कोणतेही ठळक कारण सापडत नाही. आश्चर्य असे, की पुष्कळांचा रोग स्वच्छतेच्या अतिरेकानेच वाढतो: खाज म्हणून साबण, साबणाने त्वचा कोरडी, कोरडेपणाने अधिक खाज, आणि मग रात्रीच्या अर्धवट झोपेत नखांनी ओरबाडणे. शौचानंतर साध्या पाण्याने धुवावे, मऊ सुती कापडाने न घासता टिपावे, सुती व सैल कपडे वापरावेत, सुवासिक पावडर टाळावी. त्वचा सोलवटली असेल, तर झिंक ऑक्साइडचे साधे मलम पातळ लावावे. चहा-कॉफीने, तिखटाने खाज वाढते असे जाणवल्यास काही दिवस ती वर्ज्य करून पाहावी. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम मात्र मुळीच नको. ते आरंभी सुख देते, पण पुढे त्वचा पातळ करते आणि बुरशी असल्यास ती फैलावते.

रक्त पडत असेल, गाठ लागत असेल, वजन उतरत असेल, वा काही आठवडे काळजी घेऊनही कंड शमत नसेल, तर भिंतीवरच्या जाहिरातीतील मूळव्याधीच्या रामबाण इलाजामागे न लागता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. बायाबापड्यांना पुरुष डॉक्टरांपुढे संकोच वाटत असेल, तर त्यांनी गावच्या आशाताईंना सोबत न्यावे आणि स्त्री डॉक्टरांसाठी विनंती करावी. ती मागणी सर्वस्वी रास्त आहे.