वैशाखातला चिखलदरा आणि आईची अ‍ॅम्बेसेडर

विदर्भात वैशाखाची दुपार हा घराबाहेर पडण्याचा काळ नव्हे. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की रस्ते ओस पडतात, कूलरची घरघर हाच वस्तीचा आवाज उरतो आणि वाळ्याच्या ओल्या वासात माणसे संध्याकाळची वाट पाहतात. याच दिवसांत सातपुड्याच्या कुशीतला चिखलदरा मात्र माणसांना हाक घालतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेले हे विदर्भाचे एकमेव थंड हवेचे ठिकाण. भीमाने कीचकाचा वध करून त्याला याच दरीत लोटले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्यावरून चिखलदरा, अशी लोककथा आहे. त्या वधानंतर भीमाने जिथे स्नान केले ते भीमकुंड, जवळचा गाविलगड किल्ला आणि महाराष्ट्रात क्वचितच आढळणारे कॉफीचे मळे ही इथली वैशिष्ट्ये.

अडचण असते ती तिथवर पोहोचण्याची. नागपूर ते अमरावती सुमारे १५० किलोमीटर, पुढे परतवाडा आणि मग घाट. तरुणांना हा रस्ता काही तासांचा. पण ८२ वर्षांच्या, गुडघ्यांनी अधू झालेल्या आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीसाठी तो उन्हाशी केलेला सामनाच असतो. माझ्या आईची इच्छा मात्र साधी होती. वडिलांबरोबर ती जिथे अनेकदा गेली, तो चिखलदरा तिला पुन्हा एकदा पाहायचा होता.

जुनीच गाडी का?

आजकालच्या ठेंगण्या गाड्यांत बसताना आईला आधी खाली वाकावे लागते, मग अंग आत लोटावे लागते. उतरताना तर दोघांनी धरल्याशिवाय गुडघे सरळ होत नाहीत. वडिलांच्या १९७८ सालच्या अ‍ॅम्बेसेडरचे तसे नाही. तिचे आसन खुर्चीसारखे उंच, दार रुंद आणि छतही उंच. आई पाठ टेकवून बसते, मग दोन्ही पाय एकत्र आत घेते. ज्यांच्या घरी सांधेदुखीचे ज्येष्ठ आहेत, त्यांना या एका सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण त्या गाडीत वातानुकूलन नव्हते. मे महिन्यात खिडकी उघडली की झळा आणि बंद केली की भट्टी, असा तिचा स्वभाव. गाडी सोयीची आणि हवा असह्य, किंवा हवा गार आणि गाडी गैरसोयीची, असे दोनच पर्याय दिसत होते. तेव्हा जुन्या गाडीतच वातानुकूलन बसवावे असे ठरले.

बदललेले इंजिन आणि नवी थंडाई

या गाडीचे मूळ इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे होते. ते थकल्यावर वडिलांनी इसुझू बनावटीचे १८०० चे पेट्रोल इंजिन व पाच गिअरांची पेटी बसवून घेतली होती आणि परिवहन कार्यालयातून नोंदणीपुस्तकात तशी नोंदही केली होती. इंजिन बदलले की ही नोंद आवश्यकच असते. ती नसेल तर पुढे विम्यापासून पुनर्नोंदणीपर्यंत सगळेच अडते.

इंजिन बदललेल्या गाडीत वातानुकूलन बसवताना पहिला प्रश्न येतो तो कॉम्प्रेसर कशावर बसवायचा हा. गाडीच्या मॉडेलकडे पाहून सामान आणले तर ते जुळत नाही. इंजिनाकडे पाहूनच आणावे लागते. आमच्या गॅरेजातल्या वयोवृद्ध उस्तादांनी याच इंजिनाच्या वातानुकूलित गाडीचे ब्रॅकेट जुन्या बाजारातून शोधून काढले. कॉम्प्रेसरची पुली आणि इंजिनाची पुली एका रेषेत आहेत की नाही, हे त्यांनी पट्टी लावून पुन्हा पुन्हा पाहिले. “रेषा चुकली तर पट्टा तुटेल, साहेब,” ते म्हणाले, “आणि तो भर घाटात तुटेल.”

दुसरा प्रश्न उष्णतेचा. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करत नाही, ते उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेते. डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये वायू आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो आणि गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेर टाकली जाते. या कंडेन्सरच्या मागेच रेडिएटर असतो. म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या रेडिएटरला आता आधीच तापलेली हवा मिळते. शिवाय कॉम्प्रेसर फिरवण्याचा भारही इंजिनावरच पडतो. म्हणून उस्तादांनी रेडिएटर अधिक जाळीचा करून घेतला, कंडेन्सरपुढे विजेचा पंखा बसवला आणि अल्टरनेटर दोन्ही पंख्यांचा भार पेलतो की नाही, हेही तपासले. वायू आर-१३४ए हा वापरला. पूर्वीचा आर-१२ ओझोनच्या थराला घातक म्हणून बंद झाला आहे. त्यामुळे नळ्या, रबरी कड्या आणि तेल नव्या वायूला चालणारेच लागते.

तिसरी गोष्ट कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. नळ्या आत आणण्यासाठी इंजिन आणि आसने यांच्यामधल्या पत्र्याला भोके पाडावी लागतात. ती रबरी कड्या घालून घट्ट बंद केली नाहीत आणि त्यातच सायलेन्सर गळका असला, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. या वायूला वास नसतो. काचा बंद असतात, प्रवाशांचे डोके दुखू लागते, मळमळते, गुंगी येते, आणि वयाचा थकवा समजून आपण दुर्लक्ष करतो. जुन्या गाडीत हे काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने ही भोके आणि सायलेन्सर स्वतः पाहावेत.

वाट

आम्ही पहाटे ५ वाजता निघालो. कोंढाळीच्या आसपास संत्र्यांच्या बागा अर्धवट उजेडात दिसत होत्या. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात शिरलो तेव्हा ऊन चढू लागले होते. तिवस्यानंतर मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजापाशी, आम्ही थांबलो. आईने समाधीचे दर्शन घेतले आणि सावलीत दहा मिनिटे काठी टेकत चालली. दर तास-दीड तासाने असे उतरून चालणे पायांतल्या रक्ताभिसरणासाठी आवश्यक असते. उतरणे शक्य नसेल तेव्हा बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत.

वाढत्या वयात तहान उशिरा जाणवते आणि घामही कमी येतो. लघवी वाढवणारी व रक्तदाबाची काही औषधे शरीराची उष्णता सहन करण्याची क्षमता आणखी घटवतात. म्हणून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारले होते. औषधे मनाने बंद करू नयेत, हे त्यांनी बजावले आणि किती पाणी प्यावे हेही सांगितले. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी हे प्रमाण वेगळे असते. आई तहान लागण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी घोट घोट पाणी आणि ताक घेत होती.

गारवाही बेताचाच ठेवला. बाहेर ४४ अंश आणि आत २० असे ठेवल्यास उतरताना शरीराला धक्का बसतो. आम्ही साधारण २५-२६ अंशांचा अंदाज धरला, झोत आईच्या तोंडावर किंवा गुडघ्यांवर येऊ दिला नाही आणि थांबण्याच्या पाच मिनिटे आधी यंत्र बंद करत गेलो. बंद काचांत तीच हवा फिरत राहिली की जडपणा येतो, म्हणून अधूनमधून खिडकीची फट उघडत होतो.

घाट

परतवाडा सोडले की रस्ता मेळघाटात शिरतो. मे महिन्यात सागाची झाडे निष्पर्ण असतात; डोंगर उघडेबोडके, तांबूस दिसतात. खालच्या गिअरमध्ये गाडी चढू लागली तसा उष्णता दाखवणारा काटा हळूहळू सरकला. उस्तादांनी आधीच सांगून ठेवले होते. त्यानुसार काटा अर्ध्याच्या वर जाताच मी वातानुकूलन बंद केले. काटा थांबला, मग मागे आला.

“बंद केलंस का रे?” आईने विचारले.

“गाडीला दम लागलाय, आई. दोन वळणं काच उघडी ठेव.”

तिने काच खाली केली. उंची वाढते तसे तापमान उतरते. हजार मीटरला सर्वसाधारणपणे सहा अंश. आत आलेली हवा गरमच होती, पण तिच्यातली झळ गेली होती. आईने हात बाहेरच्या वाऱ्याला लावला आणि म्हणाली, “असू दे आता. तुझे बाबा इथूनच काचा उघडायचे.” पुढची सगळी चढण आम्ही यंत्राविना पार केली.

चिखलदऱ्याला संध्याकाळी आई दरीच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसली. भीमकुंडापर्यंत जाणे तिला शक्य नव्हते आणि तिने तसा हट्टही धरला नाही. गाविलगडाच्या बाजूला उतरणारे ऊन ती पाहत होती. कोणत्या साली कुठे उतरलो होतो, कोण बरोबर होते, हे सांगत होती. त्यातली निम्मी नावे मी प्रथमच ऐकली.

प्रवासापूर्वी ध्यानात ठेवावे असे

गाडी कोणतीही असो, ती बंद पडू शकते, हे धरूनच तयारी असावी. पुरेसे पाणी, ओला पंचा, हातपंखा आणि औषधांची यादी हाताशी ठेवावी. इन्सुलिन डॅशबोर्डवर किंवा थेट बर्फावर ठेवू नये. उभ्या गाडीत ज्येष्ठांना पाच मिनिटेही एकटे बसवू नये. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, गोंधळले किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्यांना सावलीत न्यावे, अंग पाण्याने ओले करून वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इतकी काळजी घेऊनही डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर तो शब्द मानावा. चिखलदरा श्रावणातही सुंदरच असतो. पण ते ‘हो’ म्हणाले, तर केवळ आपल्या धास्तीपायी घरातल्या वृद्धांचा प्रवास अडवू नये. त्यांना कुठे जायचे आहे, हे एकदा विचारावे. मग गाडी, वेळ आणि वाट त्या उत्तराला अनुसरून जुळवता येतात.