चहातून नाही, चहाबरोबर

फुटपाथवर पेशंट तपासायला गेलं की आधी पेशंटकडे जायचं नाही, हे शिकायला मला दोन वर्षं लागली. आधी टपरीवर जायचं, एक कटिंग घ्यायची आणि सहज विचारायचं, पुलाखाली बसतो तो कधीपासून आहे? मग जे कळतं ते माझ्या केसपेपरात कधीच मावत नाही. पावसाळ्याआधी आला, हिंदी बोलतो पण शिव्या तेलुगूत देतो, पाव खातो, बिस्किट दिलं तर भिरकावतो.

मी मनोविकारांचा डॉक्टर. आठवड्यातले दोन दिवस मुंबईच्या रस्त्यांवर असतो. २०११च्या जनगणनेत या शहरात ५७ हजारांहून जास्त बेघर मोजले गेले. त्यांतले बरेचसे नाक्यावरचे मजूर, हमाल, कचरा वेचणाऱ्या बाया, म्हणजे राबणारी माणसं. माझे पेशंट त्यांतले थोडे. पण बेघर म्हटलं की लोकांना नेमका जटा वाढलेला तेवढा आठवतो.

त्याला उचलून न्यायचं, ही आपली जुनी रीत. १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्यात पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची सोय आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा पुष्कळ शहाणा: अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, २४ तासांत सरकारी रुग्णालयात न्यायचं, बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. उत्तम. पण घर सापडलंच नाही तर तो येणार पुन्हा त्याच पुलाखाली.

एकाला मी मोठ्या हौसेने निवाऱ्यात नेलं. आंघोळ, दाढी, स्वच्छ चादर. तिसऱ्या दिवशी तो निघून गेला आणि पुलाखालीही परतला नाही. चार वर्षं त्याला रोज दुपारचं जेवण देणारी फुलवाली तिथेच होती. "कुठं ठेवलात ओ त्याला?" तिने विचारलं. त्याला नेताना तिला एका शब्दाने विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

कोलकात्यात ईश्वर संकल्प ही संस्था २००७ पासून हेच काम उलट्या बाजूने करते. डॉक्टर फुटपाथवर जातो, आणि रोजची काळजी घ्यायला त्याच गल्लीतला चहावाला, दुकानदार तयार केला जातो. तो आधीच थोडीफार काळजी घेत असतो. त्याला फक्त औषधाचं गणित शिकवायचं.

मीही आता टपरीवाल्यांना हेच शिकवतो, पण हे गणित सोपं नाही. झोप आणणारं औषध मी रस्त्यावर फार जपून देतो. गाढ झोपलेल्याची चप्पल जाते. बाई असेल तर चपलेवर भागत नाही. एका पेशंटला रिस्पेरिडोन हे मनोविकारावरचं औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलं, तर दहाव्या दिवशी टपरीवाल्याचा फोन: "डॉक्टरसाब, ग्लास पकडताना त्याचा हात थरथरतोय." औषधाचा हा दुष्परिणाम मला पुढच्या खेपेला, म्हणजे पंधरवड्याने दिसला असता.

टपरीवाल्याचं आणि माझं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पेशंट गोळी थुंकतो म्हणून टपरीवाला ती कुटून चहात घालायला लागला. हेतू चांगलाच. मी नको म्हटलं. "मरू द्यायचं काय मग?" तो माझ्यावर उखडला. म्हटलं, ज्या दिवशी त्याला कळेल, त्या दिवसापासून तो तुझा चहा प्यायचा नाही. आणि या शहरात तुझ्या चहाखेरीज त्याचा कशावरच विश्वास नाही. शिवाय ज्याचं औषध त्याला विचारून द्यायचं असतं, मग तो हवेशी बोलत का असेना. टपरीवाल्याचं तोंड उतरलं. पण दुसऱ्या दिवसापासून गोळी ग्लासाशेजारी, उघडी. पहिले सहा दिवस ती गटारात गेली. सातव्या दिवशी गेली नाही.

आता छठला टपरीवाला तीन आठवडे गावी जाणार. परवा गेलो तर गोळ्यांचा डबा पानवाल्याच्या गल्ल्याशेजारी दिसला. झाकणावर खडूने लिहिलं होतं: पाव पहले, गोली बाद में.